सर्च ट्रेंडच्या डेटाचं बिल: दराआधी मोजणी पाहा

गूगल ट्रेंड्स म्हणजे कोणता शब्द लोक कधी आणि कुठे किती शोधतात ते दाखवणारी सेवा. जुलै २०२५मध्ये गूगलने तिच्या अधिकृत एपीआयची अल्फा चाचणी (मोजक्या लोकांसाठीची पहिली चाचणी) जाहीर केली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. इतकी वर्षं अधिकृत एपीआय नव्हताच? नव्हता. ट्रेंड्सचं संकेतस्थळ २००६पासून आहे, पण आपल्या प्रोग्रॅममधून ती माहिती थेट मागवण्याची अधिकृत सोय नव्हती. लोक मागवत मात्र होतेच. कुणी पायट्रेंड्स ही मोफत पायथन लायब्ररी (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला तयार कोड) वापरायचं, तर कुणी त्रयस्थ कंपन्यांकडून डेटा विकत घ्यायचं. पायट्रेंड्सचा प्रकल्प २०२५मध्येच गोठवला गेला आणि अल्फा चाचणीत सगळ्यांना प्रवेश नाही. त्यामुळे बाकीच्यांसाठी उरतात त्या 'वापराल तेवढे पैसे' घेणाऱ्या सेवा.

त्यांच्या दरपत्रकावर एक आकडा ठळक असतो: हजार कॉलला इतके डॉलर. तो पाहून लोक मनातल्या मनात गुणाकार करतात, 'परवडेल की' म्हणतात, आणि महिनाअखेरीला बिल अंदाजाच्या कित्येक पट येतं. दर कुणी वाढवलेला नसतो. किती कॉल लागतील हा अंदाजच चुकलेला असतो. ट्रेंडच्या डेटात तो चुकायला जागाही भरपूर आहे, कारण हा डेटा ज्या स्वरूपात हवा असतो त्या स्वरूपात सहसा मिळतच नाही. तो तुकड्यांत मागवून आपल्याला जोडावा लागतो, आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात.

## चार शब्द समजून घेऊ

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडे ठरलेल्या साच्यात माहिती मागण्याची सोय. एकदा मागितलं की एक कॉल झाला. महिन्यात किंवा दिवसात जास्तीत जास्त किती कॉल करता येतील, तो कोटा. सेकंदाला किंवा मिनिटाला किती करता येतील, ती वेगमर्यादा.

शेवटच्या दोन गोष्टींत हमखास गल्लत होते. कोटा संपला तर जास्तीचे पैसे लागतात किंवा सेवा थांबते. वेगमर्यादा ओलांडली तर सर्व्हर ४२९ हा सांकेतिक क्रमांक परत पाठवतो, म्हणजे 'फार घाई करताय, थांबा'. त्याच उत्तरात पुष्कळदा किती सेकंद थांबायचं तेही लिहिलेलं असतं. कोटा शिल्लक असतानाही ४२९ येऊ शकतो. तो पाहून मोठा प्लॅन घेणारे लोक असतात. त्यांना प्रत्यक्षात फक्त कॉलमधलं अंतर वाढवायचं असतं.

## हा डेटा वापरानुसारच का विकतात?

ग्राहकांच्या वापरातली तफावत हे एक कारण. एखादा संशोधक वर्षातून दोनदा डेटा घेतो, तर एखादी जाहिरात संस्था तासातासाला हजारो शब्द तपासते. दोघांना एकच मासिक शुल्क लावलं तर पहिला निघून जातो आणि दुसरा पुरवठादाराला तोट्यात घालतो.

दुसरं कारण म्हणजे पुरवठादाराचा स्वतःचा खर्चही कॉलगणिक वाढतो. त्रयस्थ पुरवठादार गूगलच्या पानावरूनच माहिती काढत असेल, तर त्याला वेगवेगळ्या आयपी पत्त्यांचं (इंटरनेटवरच्या ओळख-क्रमांकांचं) जाळं भाड्याने घ्यावं लागतं, अडवणूक झाली की पुन्हा प्रयत्न करावे लागतात आणि पानाची रचना बदलली की कोड दुरुस्त करावा लागतो. आपल्या एका कॉलमागे त्याचे तीन-चार प्रयत्न असू शकतात. दर त्यातून ठरतो.

## ट्रेंड्सचा १०० म्हणजे १०० शोध नव्हेत

बिल फुगण्याचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबू.

ट्रेंड्स शोधांची संख्या देत नाही. तुम्ही निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांमधला वाटा काढला जातो, त्यातला सर्वांत मोठा वाटा १०० धरला जातो आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात ० ते १००मध्ये बसवलं जातं. शून्य म्हणजे कुणीच शोधलं नाही असंही नाही, आकडा द्यावा इतका डेटा जमला नाही एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हे सगळं सर्व शोधांवरून न काढता नमुन्यावरून काढतात.

एका वेळी जास्तीत जास्त पाच शब्दांची तुलना करता येते. आता समजा, तुमच्याकडे २०० शब्द आहेत. पाच-पाचचे गट केले तर ४० कॉल. पण या ४० गटांतले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. प्रत्येक वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला १०० गुण द्यायचे आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात, असं ठरवलं तर 'अ' वर्गातले ८० आणि 'ब' वर्गातले ८० सारखे धरता येतील का? नाही. एकाच मुलाने दोन्ही वर्गांत परीक्षा दिली असेल, तरच त्याच्या गुणांवरून दोन्ही वर्गांची पट्टी जुळवता येते.

ट्रेंड्समध्ये हेच करावं लागतं. प्रत्येक गटात एक सामाईक शब्द ठेवायचा. त्याला अँकर म्हणतात. पाच जागांपैकी एक अँकरने अडवली की नव्या शब्दांना चारच उरतात. २०० शब्दांना ४० ऐवजी ५० कॉल लागले. पंचवीस टक्के वाढ इथेच झाली, आणि अजून आपण काहीच मागवलेलं नाही.

अँकर कोणता निवडायचा यावरही पैसे अवलंबून असतात. फार लोकप्रिय शब्द घेतला तर त्याच्यापुढे छोटे शब्द ०, १, २ अशा आकड्यांत दबून जातात. एक आणि दोन यांत दुपटीचा फरक असतो, पण पूर्णांकात गोल केल्यावर १.४ आणि ०.६ दोन्हींचा १ होतो. फार छोटा शब्द घेतला तर अँकरच शून्यावर येतो आणि पट्टी जुळवण्याचं साधनच हातातून जातं. म्हणून अनुभवी लोक दोन-तीन पायऱ्यांचे अँकर ठेवतात: मोठ्या शब्दांना मोठा, मधल्यांना मधला, छोट्यांना छोटा, आणि हे अँकर आपसात जोडणारे दोन-चार कॉल वेगळे. त्या चार जास्तीच्या कॉलची किंमत नगण्य असते. ते न केल्यामुळे सगळा गट पुन्हा मागवण्याची किंमत मात्र नगण्य नसते.

## काळाचेही तुकडे

दुसरा गुणाकार तारखांचा. साधारण नऊ महिन्यांहून कमी काळ मागितला तर ट्रेंड्स रोजचे आकडे देतो. त्याहून जास्त मागितला तर आठवड्याचे, आणि पाच वर्षांहून जास्त असेल तर महिन्याचे. मग पाच वर्षांचे रोजचे आकडे हवे असतील तर? एका कॉलमध्ये मिळत नाहीत. २६९ दिवसांचे तुकडे करून, प्रत्येक दोन तुकड्यांत ३० दिवस सामाईक ठेवून जोडायचं ठरवलं, तर आठ तुकडे लागतात.

सामाईक ३० दिवसांच्या सरासऱ्यांचं गुणोत्तर काढून पुढचा तुकडा मागच्याच्या पट्टीवर आणायचा, ही रूढ पद्धत. तिची अडचण अशी की प्रत्येक जोडावर थोडी चूक होते आणि सात जोड पार करेपर्यंत ती साचत जाते. त्या ३० दिवसांत शब्द बहुतेक शून्यावरच असेल तर गुणोत्तराला काही अर्थच राहत नाही.

माझं मत विचाराल तर दुसरी पद्धत बरी. संपूर्ण पाच वर्षांची आठवड्याची मालिका एका कॉलमध्ये घ्या आणि तिला कणा माना. रोजच्या आकड्यांचे सात तुकडे एकमेकांवर न चढवता घ्या, आणि प्रत्येक तुकडा त्याच्या आठवड्यांच्या सरासरीवरून थेट कण्याला जुळवा. कॉल तेवढेच, सात अधिक एक म्हणजे आठ. पण चूक साचत नाही, आणि मधलाच एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा मागवता येतो.

गूगलच्या नव्या अल्फा एपीआयचं महत्त्व इथे कळतं. त्यातले आकडे वेगवेगळ्या कॉलमध्येही एकाच पट्टीवर राहतात, सुमारे १,८०० दिवसांचा डेटा मिळतो, आणि तो दोन दिवसांपूर्वीपर्यंतचा असतो. म्हणजे अँकर नको, जोडकामही नको. कोणत्याही पुरवठादाराच्या सवलतीपेक्षा ही बचत मोठी आहे.

## आता सगळे गुणाकार एकत्र

२०० शब्द, १० प्रदेश, पाच वर्षांचे रोजचे आकडे. दर हजार कॉलला ५ डॉलर धरू. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतला आहे.

भोळा अंदाज असा: २०० शब्द, म्हणजे २०० कॉल, म्हणजे १ डॉलर. प्रत्यक्षात अँकरसह ५० गट, गुणिले १० प्रदेश, गुणिले ८ तुकडे, म्हणजे ४,००० कॉल. वीस डॉलर झाले. नमुन्यामुळे आकडे दिवसागणिक थोडे हलतात, म्हणून काळजीपूर्वक काम करणारे तोच कॉल वेगवेगळ्या दिवशी तीनदा करून सरासरी काढतात. १२,००० कॉल, ६० डॉलर. सोबत प्रत्येक शब्दाचे 'संबंधित शोध' हवे असतील तर ते शब्दागणिक आणि प्रदेशागणिक वेगळे मागवावे लागतात. आणखी २,००० कॉल.

हे सगळं एकदाच असतं तर प्रश्न नव्हता. खरा खड्डा पुढे आहे. डॅशबोर्ड रोज ताजा हवा म्हणून कुणीतरी तोच प्रोग्रॅम रोज रात्री चालवायला लावतो. ४,००० गुणिले ३०, म्हणजे महिन्याला १,२०,००० कॉल, ६०० डॉलर. तिप्पट सरासरीसह १,८०० डॉलर. यातला जवळजवळ सगळा डेटा काल आणलेलाच असतो. चार वर्षांपूर्वीचा मंगळवार आज बदलणार नाही.

याच कामात जुना डेटा साठवून ठेवला आणि आठवड्यातून एकदा फक्त शेवटचा तुकडा मागवला, तर ५० गुणिले १० म्हणजे ५०० कॉल, महिन्याला चार वेळा म्हणजे २,०००. दहा डॉलर. शेवटचा तुकडा साठवलेल्या डेटावर बऱ्यापैकी चढत असल्यामुळे पट्टीही जुळवता येते. अगदी ताज्या दोन-तीन दिवसांचे आकडे पुढे थोडे बदलतात, तेही पुढच्या फेरीत आपोआप दुरुस्त होतात.

६०० आणि १० यांतला फरक कोणत्याही पुरवठादाराशी घासाघीस करून मिळणार नाही.

## 'एक कॉल' म्हणजे नेमकं काय?

दोन पुरवठादारांचे दर ताडण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण दोघांचा कॉल सारखा नसतो.

ट्रेंड्सच्या एका पानावर चार गोष्टी दिसतात: काळानुसार आलेख, प्रदेशानुसार वाटा, संबंधित विषय आणि संबंधित शोध. कुणी या चार गोष्टींचे चार कॉल मोजतं, कुणी एकच. पहिल्याचा दर दुसऱ्याच्या निम्मा असला तरी चारही हव्या असणाऱ्याला तो दुप्पट महाग पडतो.

महिन्याच्या शोधसंख्येचा डेटा वेगळ्या जातीचा असतो. तो ट्रेंड्समधून न येता कीवर्ड प्लॅनरसारख्या (गूगलचं जाहिरातदारांसाठीचं साधन) ठिकाणाहून येतो, गोल केलेला असतो आणि महिन्यातून एकदाच बदलतो. अशा सेवांत एका कॉलमध्ये हजारपर्यंत शब्द पाठवायची मुभा असू शकते, आणि पैसे कॉलला असतात, शब्दाला नाही. तिथे लूप लावून एकेक शब्द पाठवणारा हजारपट पैसे मोजतो. आणि महिन्याला बदलणारा आकडा रोज मागवणारा वर आणखी तीसपट.

मग अपयशी कॉल. सर्व्हरच्या चुकीने उत्तर आलं नाही तर बहुतेक जण पैसे लावत नाहीत. तुम्हीच चुकीचा प्रदेश-कोड पाठवला तर? काही लावतात. सगळ्यात वादाचा प्रकार म्हणजे रिकामं उत्तर: कॉल व्यवस्थित झाला, पण शब्द इतका विरळ की डेटाच नाही. पुरवठादाराच्या दृष्टीने काम पूर्ण झालं, म्हणून पैसे लागतात. विरळ शब्दांची मोठी यादी असेल तर हा खर्च आधीच धरून ठेवा. सतत रिकामे येणारे शब्द वेगळ्या यादीत टाकून ते तीन महिन्यांतून एकदाच तपासले तरी पुरतं.

आणि एककाची व्याख्या तुमच्या नकळत बदलू शकते. सप्टेंबर २०२५मध्ये गूगलने शोधनिकालांच्या पानावर एकदम शंभर निकाल दाखवणारी जुनी सोय बंद केली. शंभर निकाल हवे असलेल्यांना दहा-दहाची दहा पानं मागवणं भाग पडलं. दर तोच राहिला, काम दसपट झालं. शोधनिकालांत संकेतस्थळं कितव्या क्रमांकावर येतात ते तपासणाऱ्या साधनांना याचा मोठा फटका बसला.

## दरपत्रकातल्या बारीक अक्षरांत

टप्प्यांचे दर दोन प्रकारे लावतात आणि दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. समजा, पहिल्या १०,००० कॉलला प्रत्येकी १ सेंट आणि त्यापुढे ०.८ सेंट. एका पद्धतीत स्वस्त दर फक्त दहा हजारांपुढच्या कॉलला लागतो: १२,००० कॉलचे १०० अधिक १६, म्हणजे ११६ डॉलर. दुसऱ्या पद्धतीत टप्पा ओलांडला की सगळेच कॉल स्वस्त होतात: १२,००० कॉलचे ९६ डॉलर. या दुसऱ्या पद्धतीत एक गंमत घडते. ९,५०० कॉलचे ९५ डॉलर होतात आणि १०,१०० कॉलचे ८० डॉलर ८० सेंट. महिनाअखेरीला टप्प्याच्या जरा अलीकडे असाल, तर पुढच्या महिन्याचं काम आधी उरकून घेणं फायद्याचं ठरतं.

क्रेडिट हा दुसरा प्रकार. पैसे देऊन क्रेडिट घ्यायची, आणि प्रत्येक प्रकारच्या कॉलला वेगवेगळी क्रेडिट कापली जातात: साध्या कॉलला एक, प्रदेशवार कॉलला पाच, असं काहीतरी. क्रेडिट दिसायला सुटसुटीत, पण त्यामुळे डॉलर नजरेआड होतात. तुमच्या खऱ्या मिश्रणावर एका उत्तराला किती सेंट पडले ते काढल्याशिवाय तुलना करू नका. न वापरलेली क्रेडिट पुढच्या महिन्यात जातात की बुडतात, हेही पाहा. बुडत असतील तर खरा दर वाया जाणाऱ्या टक्क्याहूनही जास्त महाग पडतो: २० टक्के बुडाली तर दर २५ टक्के महाग.

काही पुरवठादार 'तत्काळ' आणि 'रांगेत' असे दोन दर ठेवतात. रांगेतलं उत्तर काही मिनिटांनी येतं आणि स्वस्त पडतं. रात्री चालणाऱ्या कामाला तत्काळ उत्तराची काय गरज? तरीही अनेकांचा कोड तत्काळचेच कॉल करत असतो, कारण कागदपत्रांतलं पहिलं उदाहरण तेच होतं.

## पुन्हा प्रयत्न करणारा कोड

बिलात अचानक दिसणारी उसळी बहुतेक वेळा इथली असते. एखादा कॉल फसला की पुन्हा करायचा, हे योग्यच. पण इंटरनेटवर कॉल करणारी लायब्ररी स्वतः तीन प्रयत्न करते, तिच्यावर तुमचं फंक्शन तीन प्रयत्न करतं, आणि संपूर्ण काम फसलं तर ते चालवणारी यंत्रणा तीनदा सुरू करते. तीन गुणिले तीन गुणिले तीन, एका कॉलचे २७. पुन्हा प्रयत्न एकाच थरात ठेवा.

प्रत्येक प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करत न्या: १, २, ४, ८ सेकंद. त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर एकदम फसलेले पन्नास कॉल पुन्हा एकाच क्षणी धडकतात. सर्व्हरने थांबायचा वेळ सांगितला असेल तर तो पाळा.

टाइमआउटचा प्रकार जास्त छुपा आहे. तुमचा प्रोग्रॅम १० सेकंद वाट पाहून कंटाळला आणि त्याने नाद सोडला. पुरवठादाराकडे मात्र काम चालूच होतं. १२व्या सेकंदाला ते पूर्ण झालं आणि मोजलं गेलं. तुम्ही पुन्हा मागितलं, पुन्हा १० सेकंदांत सोडलं. हातात शून्य उत्तरं, बिलात दोन कॉल. पुरवठादाराला साधारण किती वेळ लागतो ते आठवडाभर नोंदवा. सर्वांत संथ एक टक्का कॉल वगळले तर उरलेल्यांतल्या सर्वांत संथ कॉलला किती वेळ लागला ते पाहा आणि टाइमआउट त्याहून थोडा वर ठेवा.

## 'त्यापेक्षा ठरलेलं मासिक शुल्क बरं नाही का?'

वापर दर महिन्याला साधारण सारखाच असेल तर बरं. अंदाजपत्रक करणं सोपं जातं. पण ठरलेल्या शुल्कालाही वर कोटा असतोच आणि तो ओलांडल्यावरचा दर सहसा चढा असतो. नवं काम असेल तर पहिले दोन-तीन महिने वापरानुसार चालवा, आकडे हाती आले की मग ठरवा. महिन्यागणिक वापर दुपटी-तिपटीने हलत असेल, तर ठरलेलं शुल्क म्हणजे वर्षभर सर्वांत मोठ्या महिन्याचे पैसे भरणं.

तुम्ही हा डेटा स्वतःच्या ग्राहकांना दाखवत असाल, तर हिशेब दर ग्राहकामागे करा. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २०२३मध्ये आपल्या एपीआयला हजार कॉलला २४ सेंट असा दर जाहीर केला. ऐकायला किरकोळ. पण रेडिट वाचण्यासाठीच्या अपोलो या लोकप्रिय ॲपचा एक वापरकर्ता दिवसाला सरासरी ३४४ कॉल करायचा. महिन्याचे १०,३२० कॉल, म्हणजे माणशी सुमारे अडीच डॉलर. सगळ्या वापरकर्त्यांचे मिळून महिन्याला ७ अब्ज कॉल होत होते, त्यांचे वर्षाचे सुमारे २ कोटी डॉलर झाले असते. ३० जून २०२३ला ॲप बंद झालं.

## 'स्वतःच पानावरून का काढू नये? फुकट तर आहे'

कमी प्रमाणात असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. ट्रेंड्सच्या पानावरून सीएसव्ही फाइल (आकड्यांचा साधा तक्ता) हाताने उतरवता येते. वीसेक शब्द, महिन्यातून एकदा, एवढंच काम असेल तर एपीआयची गरजच नाही. पहिल्या वेळी जे शब्द, जो काळ, जो प्रदेश निवडला तेच दरवेळी निवडा म्हणजे झालं.

मोठ्या प्रमाणात मात्र फुकट राहत नाही. थोड्याच वेळात ४२९ येऊ लागतो, मग आयपी पत्ते भाड्याने घ्या, मग कोड सांभाळायला माणूस ठेवा. शिवाय गूगलच्या अटींचा प्रश्न उरतोच. तो त्रयस्थ पुरवठादारांनाही सुटलेला नाही: डिसेंबर २०२५मध्ये गूगलने सर्पएपीआय या शोधनिकालांचा डेटा विकणाऱ्या कंपनीवर खटला दाखल केला. अधिकृत सेवाही कायमच्या असतात असं नाही. मायक्रोसॉफ्टने बिंगचे सर्च एपीआय ११ ऑगस्ट २०२५ला बंद केले. म्हणून या क्षेत्रात वर्षाचे पैसे आगाऊ भरून मिळणाऱ्या सवलतीला भुलू नये असं मला वाटतं. पुरवठादाराशी बोलणारा कोड एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवला तर उद्या दुसरा पुरवठादार लावायला दिवसभर पुरतो.

काही प्रश्नांना तर सर्च ट्रेंडची गरजही नसते. एखाद्या विषयातली लोकांची उत्सुकता कधी वाढली एवढंच पाहायचं असेल, तर विकिपीडियाच्या पानांना किती भेटी मिळाल्या याचा एपीआय मोफत आहे, जुलै २०१५पासूनचा रोजचा डेटा देतो आणि त्यात खरी संख्या असते. अँकर लागत नाही, तुकडे जोडावे लागत नाहीत.

## 'साठवून ठेवायला परवानगी असते?'

सरसकट नाही. काही करारांत डेटा किती काळ ठेवायचा याची मर्यादा असते, काहींत तो जसाच्या तसा दुसऱ्याला दाखवायला मनाई असते. वरची सगळी बचत साठवणीवर उभी आहे, तेव्हा दराआधी हे कलम वाचा. काही पुरवठादार नुकताच झालेला तोच कॉल पुन्हा केला तर पैसे लावत नाहीत. ही सोय उपयोगी आहे, पण ती तास-दोन तासांपुरती असते, आपल्या साठवणीची जागा घेऊ शकत नाही.

साठवताना फक्त आकडे ठेवू नका. कोणते शब्द एकत्र होते, प्रदेश, सुरुवात-शेवटाची तारीख, मागवल्याची वेळ आणि अँकर, हे सगळं त्याच ओळीत हवं. यातलं काही नसेल तर सहा महिन्यांनी तो आकडा कोणत्या पट्टीवरचा होता हे कळत नाही, आणि सगळं पुन्हा विकत घ्यावं लागतं.

## 'पण बिल रात्रीतून फुगलं तर?'

सूचना आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी. 'खर्च ८० टक्क्यांवर गेला' असा ईमेल येणं म्हणजे खर्च थांबणं नव्हे. गूगल क्लाउडमध्ये बजेट लावलं तरी ते डीफॉल्टने फक्त कळवतं, सेवा बंद करत नाही. वापराचे आकडेही काही वेळा उशिरा येतात, आणि मिनिटाला शेकडो कॉल करणाऱ्या बिघडलेल्या कोडला तेवढा उशीर पुरेसा असतो. पुरवठादाराकडे कडक मर्यादा असेल तर ती लावा. शिवाय स्वतःच्या कोडमध्ये दिवसाचा मोजणीकाटा ठेवा: कॉल करण्याआधी आकडा वाढवायचा, ठरलेल्या आकड्यावर गेला की काम थांबवायचं.

मर्यादेमुळे डेटात खंड पडेल ही भीती इतर क्षेत्रांत रास्त आहे, इथे फारशी नाही. ट्रेंड्सचा इतिहास २००४पर्यंत मागे जातो, त्यामुळे चार दिवस काम बंद पडलं तरी ते दिवस नंतर मागवता येतात. अपवाद 'आत्ता ट्रेंडिंग' यादीचा, तिथे जास्तीत जास्त मागचे सात दिवस दिसतात. दोन्हींना वेगवेगळी मर्यादा द्या, यादीला सैल आणि इतिहासाला कडक.

एपीआयची किल्ली, म्हणजे कॉल तुमच्याच खात्यावर मोजला जावा म्हणून पाठवायचा गुप्त सांकेतिक शब्द, ब्राउझरमध्ये जाणाऱ्या कोडमध्ये किंवा सार्वजनिक रेपॉझिटरीत (सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) ठेवू नका. अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात आणि त्यांनी केलेले कॉल तुमच्या नावावर लागतात. चाचणीसाठी आणि प्रत्यक्ष कामासाठी वेगवेगळ्या किल्ल्या घेतल्या तर कॉल कुठून वाढले ते लगेच दिसतं.

## सुरू करण्याआधी एक दिवसाची तपासणी

पूर्ण यादी चालवण्याआधी नऊ शब्द, दोन प्रदेश आणि दोन तुकडे घ्या. अँकर त्या नवांपैकीच एक धरला, तर उरलेल्या आठ शब्दांचे दोन गट होतात आणि आठ कॉल व्हायला हवेत. त्यात मुद्दाम एक अतिशय विरळ शब्द ठेवा, आणि एक कॉल चुकीचा प्रदेश-कोड घालून वेगळा करा. प्रत्येक कॉलची वेळ, उत्तराचा सांकेतिक क्रमांक आणि लागलेले सेकंद स्वतःच्या नोंदीत उतरवा. मग पुरवठादाराच्या पानावरचा आकडा पाहा. आठ दिसले तर चुकीच्या कोडचे पैसे लागत नाहीत, नऊ दिसले तर लागतात. विरळ शब्दाच्या जागी शून्य येतं की काहीच नाही, तेही त्या उत्तरांत कळतं. दहा-बारा दिसले तर कुठलातरी थर गुपचूप पुन्हा प्रयत्न करतो आहे.

आकडे ताडताना पुरवठादाराचा दिवस कधी पालटतो ते विसरू नका. पुष्कळ सेवांत तो जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री पालटतो, तुमच्या घड्याळाच्या नाही. भारतात मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत केलेले कॉल म्हणून आदल्या दिवसाच्या खात्यात दिसतात, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या वेळात केलेले चक्क मागच्या महिन्याच्या बिलात.